टेबलाच्या दोन्ही बाजूंना

वकिली करायला सनद लागते. दवाखाना काढायला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. ताळेबंद तपासून त्यावर सही करायची तर सनदी लेखापाल असावे लागते. पण एखाद्या कारखान्यातल्या दोन हजार माणसांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या आणि बडतर्फीची पत्रे ज्याच्या सहीने निघतात, त्याच्याकडे कोणता परवाना असावा हे आपल्याकडे कोणताही कायदा सांगत नाही. अपवाद एकच, आणि तोही जुना. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ४९ ने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्याची पात्रता, कामे आणि सेवाशर्ती ठरवण्याचे अधिकार राज्य सरकारांना दिले. राज्यांच्या नियमांत मान्यताप्राप्त संस्थेची पदवी किंवा पदविका आली, आणि बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती त्याला यावी, अशीही अट आली. नव्या श्रमसंहितेने पाचशेची ही मर्यादा अडीचशेवर आणली आहे. एवढे एक पद सोडले तर कोणीही एचआर होऊ शकतो, आणि होतातही. मालकाचा भाचा होतो, लष्करातून निवृत्त झालेला सुभेदार होतो, अकाउंट्समध्ये जास्तीचा ठरलेला कारकून होतो. त्यातले काही जण चांगले कामही करतात, हे मान्य केले पाहिजे.

दारावर पहारा नसलेल्या अशा व्यवसायात शिरणे सोपे, पण आत गेल्यावर आपण या कामातले जाणकार आहोत हे पटवून देणे अवघड. उत्पादन विभागाचा प्रमुख नग मोजून दाखवतो, विक्रीवाला ऑर्डर दाखवतो. एचआरवाल्याने काय दाखवायचे? न झालेला संप दाखवता येत नाही. सोडून न गेलेला कुशल फिटर कोणत्या रकान्यात मांडायचा? त्यामुळे मनुष्यबळ क्षेत्रात नव्याने येणारी मुले-मुली मान्यतेच्या शोधात फार लवकर प्रमाणपत्रांकडे वळतात, आणि अनुभवी मंडळी पुरस्कारांकडे. या दोन्हींविषयी पुढे लिहिले आहेच. पण या पुस्तकामागचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या व्यवसायातली मान्यता पगार देणाऱ्याकडे मागून मिळत नाही. पगार घेणाऱ्यांचा तुमच्या शब्दावर विश्वास बसला, की पगार देणारा ती आपण होऊन देतो, कारण त्याला नेमका तोच विश्वास विकत घेता येत नसतो.

हे म्हणणे भाबडे वाटू नये म्हणून हा व्यवसाय आपल्याकडे कशासाठी जन्माला आला ते पाहायला हवे. व्यवस्थापनाच्या वर्गांत हा इतिहास शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांपासून सांगतात. आपल्या मातीतली त्याची सुरुवात परळ-लालबागच्या गिरण्यांत आहे.

गिरणीत माणूस भरती करणारा कोणी अधिकारी नव्हता. भरती जॉबर करायचा. रत्नागिरीहून, साताऱ्याहून गाडीत किंवा बोटीत बसून आलेला मुलगा गावच्या माणसाची ओळख काढत जॉबरपर्यंत पोचायचा. काम देणे, काम शिकवणे, कामावरून काढणे, राहायला खोलीत जागा मिळवून देणे, अडीनडीला पैसे उसने देणे, हे सगळे एकाच माणसाच्या हाती. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. त्या बदल्यात दस्तुरी द्यावी लागे, म्हणजे नोकरी लागताना लाच आणि टिकवायची तर पुन्हा लाच. गिरणीच्या व्यवस्थापकाला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याला ते सोयीचे होते. माणसांची कटकट परस्पर मिटत होती.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो कामगारांच्या बाजूने. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. त्यांच्या चळवळीनंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. आज एचआरच्या धोरणपुस्तिकेतल्या 'वीकली ऑफ' या ओळीकडे कोणी बघतही नाही, पण ती ओळ लिहिली गेली ती एचआर नावाचे खाते अस्तित्वात येण्याच्या किती तरी आधी, मालकांच्या मनपरिवर्तनाने नव्हे तर हजारोंच्या सभांनी. पुढे १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने व्हिटली आयोग नेमला. ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरच्या हातातून भरती काढून घ्या आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमा, अशी शिफारस केली. असा अधिकारी थेट व्यवस्थापकाच्या हाताखाली असावा आणि कामगारांना त्याच्यापाशी विनासंकोच जाता यावे, ही त्यामागची कल्पना. १९३४ च्या मुंबई प्रांताच्या समेट कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले आणि गिरणीमालकांच्या संघानेही आपला अधिकारी नेमला.

म्हणजे आजच्या एचआरचा आपल्याकडचा पूर्वज हा 'टॅलेंट' शोधणारा नव्हता. लाचखाऊ मध्यस्थ हटवून त्याच्या जागी सरळ मध्यस्थ बसवण्यासाठी त्याला आणले होते. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले थोडी हिरमुसतात. पण आजही एखाद्या कारखान्यात कंत्राटदाराचा सुपरवायझर गेटवर मुलांकडून पैसे घेऊन गेटपास देत असेल आणि एचआर वातानुकूलित खोलीत 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'चे तक्ते रंगवत असेल, तर त्या कारखान्यात १९३१ अजून उजाडायचे आहे, इतके तरी त्यांना समजते.

शिक्षणाची सोयही मुंबईतच आधी झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्यात वस्तीकार्य उभे केले होते. त्यांच्याच पुढाकाराने आणि टाटा विश्वस्तनिधीच्या पैशातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि १९५४ मध्ये देवनारला गेली. गिरण्या आणि कारखान्यांना लागणारे कामगार कल्याण अधिकारी इथून तयार होऊ लागले. १९४७ मध्ये मुंबईत कामगारविषयक शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. आज तिला लोखंडे यांचेच नाव आहे. जमशेदपूरला जेझुइटांनी १९४९ मध्ये झेवियर संस्था काढली. कलकत्त्यात १९४८ मध्ये आणि मुंबईत १९५० मध्ये या अधिकाऱ्यांच्या दोन व्यावसायिक संस्था निघाल्या. त्या १९८० मध्ये एकत्र आल्या आणि आजची राष्ट्रीय कर्मचारी व्यवस्थापन संस्था, म्हणजे सगळे ज्याला एनआयपीएम म्हणतात ती, तयार झाली. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेतून आणि विद्यापीठाच्या एमपीएम, डीएलएल अँड एलडब्ल्यू यांसारख्या अभ्यासक्रमांतून भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचे पर्सनल ऑफिसर भरले गेले. या क्षेत्रात मराठी माणूस मोठ्या संख्येने आला तो याच वाटेने. समाजकार्याची पदवी, संध्याकाळच्या कॉलेजातून कामगार कायद्याची पदविका, आणि मग एखाद्या मध्यम कारखान्यात टाइम ऑफिस.

कल्याण अधिकाऱ्याच्या नियमांत एक तरतूद होती, जी आजच्या एमबीए विद्यार्थ्याला खरी वाटत नाही. अनेक राज्यांच्या नियमांनुसार या अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात भाग घ्यायचा नाही, आणि न्यायालयात किंवा समेट अधिकाऱ्यापुढे मालकाच्या वतीने कामगाराविरुद्ध उभे राहायचे नाही. पगार मालकाने द्यायचा, पण या माणसाला कामगाराविरुद्ध वापरायचे नाही. कायदा करणाऱ्यांना पुढचा घोटाळा दिसला होता. प्रत्यक्षात मात्र, विशेषतः लहान कारखान्यांत, सकाळी कॅन्टीनच्या चहाची तक्रार ऐकणारा आणि दुपारी चार्जशीट टाइप करणारा माणूस एकच राहिला. त्याने दोन टोप्या घातल्या, आणि कोणती केव्हा डोक्यावर आहे हे समोरच्याला कळेनासे झाले. एचआरवर कामगारांचा जो अविश्वास आजही दिसतो, त्याचे मूळ मला इथे दिसते.

सत्तरच्या दशकात एक वेगळे वळण आले. लार्सन अँड टुब्रोने १९७४ मध्ये आपल्या कामगिरी-मूल्यमापनाच्या पद्धतीचा फेरविचार करण्यासाठी अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावले. त्यांनी नुसता मूल्यमापनाचा तक्ता बदलून दिला नाही. माणसांच्या विकासासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी करा, ती रोजच्या कर्मचारी प्रशासनापासून वेगळी ठेवा, असे सुचवले, आणि कंपनीने ते स्वीकारले. भारतात 'एचआरडी' विभाग म्हणतात तो इथून. १९८५ मध्ये राव यांच्याच नेतृत्वाखाली नॅशनल एचआरडी नेटवर्क सुरू झाले. समुपदेशन, प्रशिक्षण, करिअरचे नियोजन हे शब्द कारखान्यात शिरले. चांगलेच झाले. मात्र त्याच वेळी कायदा, युनियन, वेतनकरार हे सगळे 'आयआर', म्हणजे औद्योगिक संबंध, नावाच्या मागच्या खोलीत गेले, आणि पुढच्या खोलीत बसलेल्यांना ती खोली नकोशी वाटू लागली.

याच काळात मुंबईत काय चालले होते ते विसरून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. बोनस आणि पगारवाढ या मागण्या होत्याच, पण मुळाशी प्रश्न मान्यतेचा होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरण्यांमध्ये प्रातिनिधिक म्हणून एकच संघटना नोंदलेली होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार मात्र डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे होते. मालकांना कायद्याने बोलणी करायची होती ती कागदावरच्या संघटनेशी, आणि फाटकाबाहेर बसलेली माणसे त्या संघटनेला आपली मानत नव्हती. संपाचे आणि गिरण्यांचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. त्याची कारणे अनेक होती, आणि ती सगळी मान्यतेच्या एका प्रश्नात बसवणे चुकीचे ठरेल. तरी मान्यता कागदावर एकाकडे आणि मनात दुसऱ्याकडे असली की काय होते, याचे इतके मोठे उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही. युनियनला लागू पडते ते एचआरच्या माणसालाही पडते.

नंतर उदारीकरण आले, हिंजवडी आली, चाकण आले. दारावरची पाटी पर्सनलची एचआर झाली. १९९७ मध्ये डेव्ह उल्रिच या अमेरिकन प्राध्यापकाचे पुस्तक आले. त्यात एचआरच्या चार भूमिका होत्या. धोरणातला भागीदार, बदल घडवणारा, प्रशासनातला तज्ज्ञ आणि कर्मचाऱ्यांची बाजू मांडणारा. आपल्या कंपन्यांनी यातली पहिली भूमिका डोक्यावर घेतली. 'बिझनेस पार्टनर' हे पदनाम आज पंचविशीतल्या मुलीच्या ओळखपत्रावरही असते. चौथी भूमिका त्याच पुस्तकात, तितक्याच ठळकपणे लिहिलेली होती. ती कोणाच्या ओळखपत्रावर मी अजून पाहिलेली नाही.

आता करिअरविषयी. या क्षेत्रात येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, असे मला नेहमी विचारतात. माझे उत्तर लोकांना आवडत नाही. पहिली दोन-तीन वर्षे कारखान्यात काढा, तीही शक्यतो टाइम ऑफिस आणि पगारपत्रक जिथे एकत्र आहे अशा जागी. भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के कशावर मोजतात, ग्रॅच्युइटीच्या सूत्रात महिन्याचे दिवस २६ का धरतात, किमान बोनस ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के यांच्यामधली रक्कम कोणत्या हिशेबाने ठरते, हे स्वतः करून पाहिलेले नसेल तर पुढे कितीही मोठ्या पदावर गेलात तरी एखादा पाटीचा कामगारही तुम्हाला अडचणीत आणू शकतो. त्याला त्याची पावती पाठ असते. ज्याने कामगाराच्या पावतीतली सत्तर रुपयांची चूक त्याच दिवशी शोधून दिली, त्याचे नाव त्या खात्यात वर्षभर राहते. नेतृत्वविकासाच्या दोन दिवसांच्या शिबिराने एवढे नाव होत नाही.

दुसरी शाळा म्हणजे खातेनिहाय चौकशी. आरोपपत्र देणे, उत्तराला पुरेसा वेळ देणे, चौकशी अधिकारी तटस्थ असणे, कामगाराला आपला प्रतिनिधी आणता येणे, साक्षीदाराची उलटतपासणी करता येणे, निष्कर्षाची प्रत देऊन शिक्षेबाबत म्हणणे मागवणे. ही यादी प्रत्येक पुस्तकात आहे. प्रत्यक्षात घाईने उरकलेल्या चौकशीमुळे, खरोखर दोषी असलेल्या माणसाची बडतर्फीही कामगार न्यायालयात टिकत नाही. निलंबनकाळातला निर्वाहभत्ता पहिले नव्वद दिवस निम्मा आणि त्यानंतर पाऊण, हे ठाऊक नसल्यामुळे किंवा ठाऊक असून द्यायचा कंटाळा केल्यामुळे कंपन्या हरल्या आहेत. पण चौकशी नीट का करायची, याचे न्यायालय हे दुय्यम कारण. कारखाना ती चौकशी पाहत असतो. चोरी पकडली गेलेल्या माणसाविषयी कोणाला सहानुभूती नसते, पण त्याला बोलू दिले की नाही हे सगळे लक्षात ठेवतात. कारण उद्या त्या खुर्चीत आपण असू शकतो, आणि कदाचित चोरी न करताही.

आणि तिसरी शाळा, सगळ्यांत मोठी, वेतनकरार. जुन्या कराराची मुदत संपत आली की युनियनचे मागणीपत्र येते. त्यात चाळीस-पन्नास मागण्या असतात आणि त्यातल्या पाच खऱ्या असतात. कोणत्या पाच, हे ओळखणे ही कला आहे. ती बैठकीच्या खोलीत शिकता येत नाही. त्यासाठी शॉपवर फिरावे लागते, रात्रपाळीला जाऊन बसावे लागते, कमिटी मेंबरच्या मुलीच्या लग्नाला जेवायला जावे लागते. बोलणी सुरू झाली की दोन्हीकडची माणसे मोठ्या आवाजात बोलतात. त्यातला काही आवाज समोरच्यासाठी असतो आणि काही आपल्या मागे उभ्या असलेल्यांसाठी. युनियनच्या अध्यक्षाला गेटमीटिंगमध्ये माना डोलावलेल्या दाखवायच्या असतात, तुम्हाला संचालकांपुढे आकडा ठेवायचा असतो. त्याला त्याच्या माणसांपुढे ताठ मानेने जाता येईल इतकी जागा जो एचआर प्रमुख ठेवतो, त्याचा करार मुदतभर टिकतो. समोरच्याला पार नमवून केलेला करार सही होण्याआधीच मोडलेला असतो, फक्त त्याची बातमी उशिरा येते. एक पथ्य मात्र कडक पाळायचे असते. जे देणे आपल्या हातात नाही ते 'बघतो' म्हणून सांगायचे नाही. कामगार 'नाही' पचवतो. 'बघतो' म्हटल्यावर तो खरोखर वाट बघत बसतो.

हा संवाद जिथे संपतो तिथे काय होऊ शकते ते हरियाणातल्या मानेसरच्या मोटार कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी दिसले. तिथल्या हिंसाचारात आणि आगीत मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक मृत्युमुखी पडले. संघटनेच्या नोंदणीवरून आणि कायम व कंत्राटी कामगारांच्या वेतनातल्या दरीवरून तिथे आदल्या वर्षापासून धुमसत होते. हिंसेचे समर्थन कोणीच करू नये. पण हा व्यवसाय निवडणाऱ्याला हे ठाऊक असावे, की ज्या धोरणावर त्याची सही नसते त्या धोरणाचा राग आधी त्याच्या दारात येतो. कारण कामगाराला कंपनीचा दिसणारा चेहरा तोच असतो.

आयटीत युनियन नाही, म्हणून तिथे हे सगळे लागू नाही, असा एक समज आहे. तिथे गेटमीटिंग होत नाही, पण बाकड्यावर बसवलेला अभियंता, अचानक आलेली राजीनामा 'मागणारी' बैठक, अडकवून ठेवलेले रिलीव्हिंग लेटर आणि रखडलेला फुल अँड फायनलचा हिशेब आहेच. कारखान्यात दोनशे माणसे एकत्र येऊन जाब विचारतात, इथे एकेकटा येतो आणि बहुधा येतही नाही, नुसता निघून जातो. एकट्या माणसाशी सरळ वागणे हे अधिक अवघड, कारण न वागल्यास लगेच काही बिघडत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत हीच कसोटी आहे. राजस्थानातल्या एका साथिनीवरच्या, म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्तीवरच्या, अत्याचारानंतर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ मध्ये त्यांचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरची एक सदस्य. चौकशी नव्वद दिवसांत. समितीचा फलक बहुतेक कार्यालयांत लागलेला असतो. तक्रार भरपूर कमाई आणणाऱ्या विक्रीप्रमुखाविरुद्ध येते, त्या दिवशी त्या फलकाची आणि त्या कार्यालयातल्या एचआरची खरी किंमत ठरते. अशा एका प्रसंगात योग्य वागलेली आणि त्यापायी बढती गमावलेली एक बाई मला माहीत आहे. दोन वर्षांनी तिला दुसऱ्या कंपनीने विभागप्रमुख म्हणून नेले, आणि तिची शिफारस तिच्या जुन्या कंपनीतल्या मुलींनी केली होती.

आता प्रमाणपत्रे. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राउंट्री चॉकलेट कारखान्याने १८९६ मध्ये मेरी वुड यांना कामगार मुलींच्या कल्याणासाठी नेमले. तिथल्याच पुढाकारातून १९१३ मध्ये अशा कल्याणसेवकांची संघटना निघाली. तीच वाढत वाढत आजची सीआयपीडी झाली आणि २००० साली तिला राजाज्ञेची सनद मिळाली. तिथे 'चार्टर्ड' सदस्यत्वाला वजन आहे. अमेरिकेत १९४८ मध्ये निघालेल्या संस्थेची आजची ओळख एसएचआरएम, आणि तिच्या किंवा एचआरसीआयच्या परीक्षा जगभर दिल्या जातात. यांच्या बहुतेक प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची असते. ती टिकवायची तर त्या काळात साठ गुणांइतके शिक्षण दाखवावे लागते, नाहीतर परीक्षा पुन्हा. हा भाग मला सर्वांत आवडतो. आपल्याकडे माणूस एकदा एमबीए झाला की आयुष्यभर एमबीए असतो, मग त्याने त्यानंतर एकही कायदा उघडून पाहिलेला नसला तरी चालते.

बहुराष्ट्रीय कंपनीत, आखातात किंवा परदेशात जायचे असेल तर ही प्रमाणपत्रे घ्या. मुलाखतीचे दार त्यांनी उघडते, आणि विषयाचा एक शिस्तबद्ध आढावा होतो, हे दोन्ही खरे फायदे आहेत. चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मात्र त्याच पैशांत आणि वेळेत कामगार कायद्याची पदविका किंवा एलएलबी अधिक कामाला येईल. एनआयपीएम किंवा एचआरडी नेटवर्कच्या शहरातल्या शाखेचे सदस्य व्हा आणि बैठकींना जा. तिथे चहाच्या वेळी शेजारच्या कारखान्यात काय चालले आहे ते कळते, आणि या व्यवसायात ती माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ताजी असते.

पुरस्कारांबद्दल थोडक्यात लिहितो. काही चांगले आहेत, परीक्षक कारखान्यात येतात, कामगारांशी बोलतात. पुष्कळसे मात्र असे, की अर्जासोबत शुल्क, नामांकनासोबत जेवणाच्या टेबलाचे आरक्षण आणि टेबलासोबत ट्रॉफी. अशी ट्रॉफी स्वागतकक्षात ठेवायला हरकत नाही. तिथे येणाऱ्या पाहुण्यांसाठीच ती असते.

हे पुस्तक लिहायला घेतले तेव्हा जुने कायदे लागू होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. त्यामुळे अर्धी प्रकरणे नव्याने लिहावी लागली. वेतनाची व्याख्या बदलली, भत्त्यांच्या नावाखाली निम्म्याहून जास्त रक्कम बाहेर ठेवण्याची वाट बंद झाली. मुदतबंद नोकरीवरच्या माणसाला वर्षभराच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी आली. कारखान्यात एकाहून जास्त संघटना असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली एकमेव वाटाघाटी संघटना, आणि तशी कोणीच नसेल तर वाटाघाटी परिषद, अशी रचना आली. मान्यता कोणाला, हा गिरणगावातला जुना प्रश्न आता हजेरीपटावरच्या नावांच्या मोजणीने सुटेल अशी अपेक्षा आहे. ही मोजणी जिथे एचआर प्रामाणिकपणे होऊ देईल तिथे सुटेल, असे मी म्हणेन. संहितांवर आक्षेपही बरेच आहेत, विशेषतः स्थायी आदेशांची आणि कपातीच्या परवानगीची मर्यादा तीनशे कामगारांपर्यंत नेल्याबद्दल. कामगार संघटनांचे म्हणणे मी त्या त्या प्रकरणात त्यांच्याच भाषेत मांडले आहे, कारण उद्या टेबलापलीकडून ते तुम्हाला त्याच भाषेत ऐकायचे आहे.

पुस्तकाची मांडणी मुद्दाम उलटी आहे. धोरण, नेतृत्व, संस्थेची संस्कृती ही प्रकरणे शेवटी आहेत आणि हजेरीपट, पगारपत्रक, रजा, कॅन्टीन ही आधी. प्रकाशकांनी क्रम बदलायला सुचवले होते, मी बदलला नाही. मराठीत लिहिले, कारण महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत कमिटी मेंबरशी बोलणी मराठीत होतात आणि या विषयावरची पुस्तके जवळपास सगळी इंग्रजीत आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी प्रमाणपत्रांचे प्रकरण थेट उघडावे, त्यात शुल्क, पात्रता आणि परीक्षेचे स्वरूप सगळे आहे. परीक्षांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी संबंधित संस्थेकडून खात्री करून घ्यावी. बाकीच्यांनी पहिल्या पानापासून वाचावे, आणि दुसरे प्रकरण वाचताना आपली स्वतःची पगाराची पावती शेजारी ठेवावी.